हात वर केला की करंगळी बधिर होते, मानेचा एमआरआय मात्र नॉर्मल. लवचीक कॉइलवर पुन्हा करावा का?

खडू_डस्टर

नमस्कार. मी कराडजवळच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वय ४३. गेल्या दिवाळीपासून उजव्या हाताचं असं चाललंय: फळ्याच्या वरच्या भागात लिहायला लागले की दोन-तीन मिनिटांत करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, मग आतल्या बाजूने कोपरापर्यंत हात जड होतो आणि बोटांतून खडू सुटतो. हात खाली सोडून झटकला की हळूहळू उतरतं. दोरीवर चादरी वाळत घालताना तेच. एसटीत वरची दांडी धरून उभी राहिले तरी तेच. रात्री उशीखाली हात गेला तर जाग येते.

सगळ्यांनी आधी मणक्यातली गादी सरकली असेल असं सांगितलं. मानेचा एमआरआय केला, साडेसहा हजार गेले. रिपोर्टमध्ये मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांच्या (सी-५, सी-६) मध्ये गादीला किरकोळ फुगवटा, नस कुठेही दबलेली नाही. नसांची तपासणी, म्हणजे एनसीव्ही, केली. मनगटात नस दबलेली नाही, म्हणजे कार्पल टनेल नाही म्हणाले. दोन्ही कागद बघून एका डॉक्टरांनी तर मला झोप आणि ताणाबद्दल विचारलं. मी घरी येऊन रडले.

आता साताऱ्यातले दुसरे डॉक्टर म्हणतात की हे थोरॅसिक आउटलेट, म्हणजे मान आणि काखेच्या मधल्या अरुंद वाटेत नस दबणं, असू शकेल, हात वर करून ब्रेकियल प्लेक्ससचा, म्हणजे हाताच्या नसांच्या जाळ्याचा, एमआरआय करू. भाच्याने कुठेतरी वाचलं की हल्ली चादरीसारखी लवचीक कॉइल असते, तिच्यावर नसा जास्त स्पष्ट दिसतात. मला तीन गोष्टी समजत नाहीत. पहिल्या वेळी नक्की काय कमी पडलं? कॉइल म्हणजे काय? आणि पुन्हा एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का? वर्गात मुलं आता आपणहून विचारतात, "बाई, मी लिहू का?" ते ऐकून फार वाईट वाटतं.

फिजिओ_सातारा

ताई, मानेचा साधा एक्स-रे काढलाय का? एमआरआयच्या आधी तो हवा. काही जणांना मानेच्या सातव्या मणक्यातून जास्तीची बरगडी फुटलेली असते, सर्व्हायकल रिब म्हणतात. शंभरात जेमतेम एखाद्याला, आणि त्यातल्याही बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. पण तुमच्यासारखी लक्षणं असली तर ती शोधायची असते, आणि एक्स-रेला पैसेही थोडेच लागतात. एनसीव्हीत हाताच्या आतल्या बाजूची त्वचेची नस तपासली होती का, हेही रिपोर्टवर बघा. नेहमीच्या तपासणीत ती बऱ्याचदा राहून जाते. तुमची बधिरता आतल्या बाजूची आहे म्हणून विचारते आहे.

तोवर कुणी मानेला ताण लावायला सांगितला तर आधी विचारल्याशिवाय लावू नका.

चुंबकखोली

बाई, मी पुण्यात एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे, १८ वर्षं याच कामात. "नॉर्मल" लिहिलेला कागद हातात घेऊन, मान खाली घालून परत जाणारे पेशंट मी खूप पाहिलेत. त्यांतल्या कित्येकांचं स्कॅन मीच केलं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचा पहिला रिपोर्ट बरोबरच असणार. फक्त त्यात तुमची दुखरी जागा आलेलीच नाही. मानेच्या एमआरआयमध्ये आम्ही मणके, गाद्या, मज्जारज्जू आणि नसा बाहेर पडतात ती छिद्रं बघतो. उभे काप मध्यापासून दोन्हीकडे थोडेच जातात. शिवाय पेशंट आवंढा गिळतो तेव्हा गळा हलतो, त्याच्या सावल्या मणक्यावर पडतात. त्या पडू नयेत म्हणून गळ्याच्या पुढच्या भागावर एक पट्टा टाकून तिथला सिग्नल आम्ही मुद्दाम मारतो. आमच्या बोलीत सॅट बँड. तुमच्या हाताच्या नसा मात्र मणक्यातून निघून नेमक्या पुढे, खाली आणि बाहेर जातात. तो रस्ता त्या चित्रात एक तर कापला जातो, नाहीतर काळा होतो. आणि तुम्ही हात अंगाशी ठेवून झोपलेल्या होतात. त्रास तर हात वर केल्यावर होतो!

तो रस्ता असा आहे. मानेच्या खालच्या भागातून निघणाऱ्या मज्जातंतूंची सी-५ पासून टी-१ पर्यंतची पाच मुळं एकत्र येऊन जे जाळं होतं ते ब्रेकियल प्लेक्सस. मानेच्या बाजूला पुढचा आणि मधला असे दोन स्केलीन स्नायू असतात, त्यांच्या फटीतून हे जाळं खाली उतरतं. हाताची मोठी धमनी त्याच फटीतून जाते. शीर, म्हणजे रक्त परत नेणारी वाहिनी, तेवढी पुढच्या स्नायूच्या पुढून जाते. मग तिघं मिळून हासळीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्या मधून निघतात आणि शेवटी छातीच्या पेक्टोरॅलिस मायनर स्नायूखालून काखेत शिरतात. हात वर केला की हासळी मागे फिरते आणि बरगडीशी तिचं अंतर कमी होतं. करंगळीकडे जाणारे सी-८ आणि टी-१ चे धागे जाळ्यात सगळ्यात खाली, बरगडीला लागून असतात. तुमची करंगळी आधी का बधिर होते याचं कारण इथे असू शकतं.

आपण सहज "नस दबली" म्हणतो. त्या "नस"मध्ये मज्जातंतूही येतो आणि रक्तवाहिनीही. एरवी डॉक्टर आपल्याला त्यावरून दुरुस्त करतात. या दुखण्यात मात्र दोन्ही एकाच अरुंद वाटेने जातात, त्यामुळे नक्की कोण दबतंय हाच खरा प्रश्न असतो. बहुतेकांत मज्जातंतू दबतो, काहींत शीर, धमनी क्वचित.

आता कॉइल. कॉइल म्हणजे अँटेना. चुंबकाच्या क्षेत्रात शरीरातल्या हायड्रोजनला रेडिओलहरींनी डिवचलं की तो अतिशय क्षीण रेडिओ सिग्नल परत देतो. तो पकडायचं काम कॉइलचं. लोक फोनवर "तुमचं मशीन किती टेस्लाचं?" एवढंच विचारतात. टेस्ला म्हणजे चुंबकाचा जोर, तो महत्त्वाचा आहेच. पण अँटेना अंगापासून लांब राहिली तर ३ टेस्लाचं मशीनही गोंगाटच जास्त ऐकतं. डॉक्टर स्टेथोस्कोप स्वेटरवरून लावत नाहीत, तसंच हे.

माझी १८ वर्षांची झटापट आहे ती मानेपासून खांद्यापर्यंतच्या उताराशी. डोके-मानेची कॉइल हेल्मेटसारखी कडक, ती मानेपाशीच संपते. पोटाछातीची कॉइल पाटासारखी. ती छातीवर छान बसते, पण त्या उतारावर ठेवली की एका टोकाला टेकते आणि हासळीमागच्या खळग्यावर चार बोटं पोकळी राहते. मग आम्ही पट्टे आवळतो, स्पंज घालतो, पेशंटला "जरा खांदा खाली घ्या" म्हणतो. आपल्याला बघायचा असतो तो खळगाच, आणि तिथेच चित्र दाणेदार येतं. काही मिलिमीटर जाडीच्या नसा त्या दाण्यांत हरवून जातात.

सिग्नल कमी पडला तर तेच माप पुन्हा पुन्हा घेऊन सरासरी काढता येते. पण गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल दुप्पट करायचा तर वेळ चौपट लागतो. ४ मिनिटांचं काम १६ मिनिटांवर जातं. हात डोक्यावर घेऊन १६ मिनिटं अजिबात न हलता? तुमचा खडू तीन मिनिटांत पडतो. माझ्या मते लवचीक कॉइलचं मोल इथे आहे. ती शालीसारखी मान, खांदा आणि हासळी धरून बसते, सिग्नल भरपूर मिळतो, आणि हात वर ठेवून सोसवेल एवढ्या वेळात उपयोगी चित्र हाती येतं. जागेचाही प्रश्न आहे. मशीनचा बोगदा ६० किंवा ७० सेंटिमीटर व्यासाचा. कोपरं बाहेर काढून झोपलेला माणूस आणि वर कडक कॉइल, हे त्यात मावत नाही. कित्येक ठिकाणी हात वरचा स्कॅन टाळतात तो एवढ्याचसाठी.

आणखी एक अडचण. नसांच्या भोवती चरबी असते आणि ती चित्रात पांढरी येते. सुजलेली नसही पांढरीच. म्हणून चरबीचा सिग्नल दाबावा लागतो. पण इथे खाली फुप्फुसातली हवा, वर मानेचा वळसा, त्यामुळे चुंबकाचं क्षेत्र एकसारखं राहत नाही आणि नेहमीची पद्धत फसते. (अशी हवेची तफावत बुजवायला जपानी संशोधकांनी गुडघ्याभोवती कोरड्या तांदळाच्या पिशव्या लावून पाहिल्या होत्या.) मग आम्ही स्टर किंवा डिक्सन पद्धत वापरतो. स्टर भरवशाची, पण ती सिग्नल बराच खाते. म्हणजे फिरून पुन्हा कॉइलपाशीच आलो.

तुम्ही फोन कराल तेव्हा टेस्ला विचाराच, पण त्याच्या आधी विचारा की ब्रेकियल प्लेक्ससचा वेगळा प्रोटोकॉल आहे का, हात खाली आणि हात वर अशी दोन्ही स्थितींत चित्रं घेतात का, आणि खांद्यावर कोणती कॉइल लावतात. हे प्रश्न रिसेप्शनला नाही समजले तर टेक्नॉलॉजिस्टला फोन द्यायला सांगा. आम्हाला असं विचारलेलं खरंच आवडतं. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "एमआरआय नेक" एवढंच असेल तर ती बदलून घ्या. "उजवा हात वर केल्यावर करंगळीला बधिरता, थोरॅसिक आउटलेटची शंका, दोन्ही स्थिती" हे शब्द चिठ्ठीवर असले तर पुढचं सगळं बदलतं.

तारयंत्र

चुंबकखोली ताईंनी वापरणाऱ्याची बाजू सांगितली. मी बंगळुरूला कॉइलच्या हार्डवेअरमध्ये आहे, मूळचा इचलकरंजीचा. या कॉइल इतकी वर्षं कडक का होत्या ते थोडक्यात लिहितो, कारण "चादर करायला एवढं काय अवघड" असं माझे वडीलही विचारतात.

कॉइलमधलं प्रत्येक वेटोळं एका ठरावीक वारंवारतेला लावलेलं असतं. १.५ टेस्लाला सुमारे ६४ मेगाहर्ट्झ, ३ टेस्लाला सुमारे १२८. तांब्याच्या पट्टीवर ठिकठिकाणी कपॅसिटर डाखून ते साधतात. वेटोळं वाकवलं की त्याचं इंडक्टन्स बदलतं आणि सूर सरकतो. दुसरी पंचाईत शेजाऱ्यांची. एकच मोठं वेटोळं घेतलं तर ते अंगाच्या मोठ्या भागातला गोंगाट गोळा करतं, म्हणून लहान लहान अनेक वेटोळी लावतात. पण जवळची वेटोळी एकमेकांत बोलायला लागतात. १९९० मध्ये रोमर आणि सहकाऱ्यांनी फेज्ड ॲरेची रचना मांडली: शेजारची वेटोळी नेमक्या मापाने एकमेकांवर चढवा, म्हणजे त्यांचा परस्पर परिणाम रद्द होतो. ते माप जरा जरी हललं तरी रचना बिघडते. म्हणून सगळं कडक प्लास्टिकमध्ये बंद.

यातून वाटा अनेकांनी काढल्या. बर्कलीला ॲना एरियस आणि मायकेल लस्टिग यांच्या गटाने २०१६ मध्ये प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर स्क्रीन प्रिंटिंगने कॉइल छापून दाखवली. आमच्या गावात कापडावर जाळीतून रंग ओढतात तसाच प्रकार, शाई तेवढी वीजवाहक. २०१८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या गटाने हातमोज्यात वेटोळी शिवली. ती उच्च रोधाची होती, म्हणजे शेजारणीमुळे त्यांच्यात प्रवाह वाहूच शकत नाही, त्यामुळे बोटं हलली तरी चालतं. बाजारात जीईच्या एअर कॉइल आहेत. त्यांत पट्टीऐवजी बारीक लवचीक तार असते आणि कपॅसिटन्स तारेतच पसरलेलं, त्यामुळे डाखलेल्या कपॅसिटरची गरज जवळपास राहत नाही. वजन अगदी कमी. दुसऱ्या कंपन्यांच्याही लवचीक कॉइल मिळतात, पण "फ्लेक्स" नाव असलेली प्रत्येक कॉइल तितकीच वाकते असं नाही. काही नुसत्या एका दिशेने गुंडाळता येतात, पुठ्ठ्यासारख्या. खांद्याला दोन दिशांनी वळण आहे. तिथे फरक पडतो.

खडू_डस्टर

तुम्हा तिघांचे किती आभार मानू. पहिल्यांदाच कुणीतरी मला चित्र काढून दाखवल्यासारखं समजावलं. एक्स-रे उद्याच काढते. चुंबकखोली ताई, एक शंका: लवचीक कॉइलवर केला आणि तरीही नॉर्मल आला तर? आणि दबलेलं दिसलं तर ऑपरेशनच का?

उजवा_मध्यमगती

मध्येच लिहितोय, पण हे महत्त्वाचं आहे. माझं शीरेचं होतं. क्लबसाठी गोलंदाजी करायचो. २६ व्या वर्षी एका रविवारी सामन्यानंतर उजवा हात संध्याकाळपर्यंत सुजून टम्म, निळसर, दंडावर शिरा फुगलेल्या. मी बर्फ लावून झोपलो. दुसऱ्या दिवशी डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, केलं तर हासळीखालच्या शिरेत गुठळी. याला पॅजेट-श्रोटर म्हणतात. लगेच दाखल केलं, गुठळी विरघळवली, पुढे पहिली बरगडी काढली. ऑपरेशनच्या आधी हात वर आणि हात खाली असे दोन्ही स्कॅन झाले, तेव्हा शीर नेमकी कुठे चिमटली जाते ते मला पडद्यावर दाखवलं होतं.

ताई, तुमचं हे दिसत नाही. पण हा धागा वाचणाऱ्या कुणाचा हात अचानक सुजला, निळा पडला, किंवा बोटं पांढरी-थंड पडली, तर एमआरआयची तारीख घेत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

चुंबकखोली

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत.

बाई, तुमच्या शंकेबद्दल. निदान आणि उपचार डॉक्टरांचं काम, मी मशीनच्या बाजूने सांगते. चित्र नॉर्मल आलं म्हणून त्रास खोटा ठरत नाही. हे निदान मुळात लक्षणं, तपासणी आणि चित्रं एकत्र ठेवून होतं. आणि उलटंही खरं आहे: हात वर केल्यावर शीर चिमटलेली काहीही त्रास नसलेल्या माणसांतही दिसते. नुसत्या त्यावरून कुणी ऑपरेशन सांगितलं तर दुसरं मत घ्या. मज्जातंतूभोवतीची चरबीची पातळ कड नाहीशी झाली आहे का, नस जाड किंवा जास्त पांढरी दिसते का, एखादा धाग्यासारखा पट्टा तिला वर उचलतोय का, हे जाणकार रेडिओलॉजिस्ट बघतात. चांगली कॉइल हवी ती त्यांना हे बारकावे दिसावेत म्हणून.

आता घरी एक करा. पाठीवर झोपून उजवा हात डोक्याशी घ्या, कोपराखाली घडी केलेली चादर द्या, आणि घड्याळ लावा. किती मिनिटं न हलता सोसवतं ते बघा, दोन-तीन वेळा. तो आकडा टेक्नॉलॉजिस्टला सांगा. माझ्याकडे असा आकडा घेऊन कुणी आलं तर मी हात वरचा भाग त्या वेळेत बसवते, हात खालचा लांबलचक भाग आधी उरकून घेते, आणि मग मध्ये बाहेर काढून हात वर करून देते. आत कळ लागली तर आम्हाला बोलवायला हातात दिलेला फुगा दाबायचा. सोसत राहिलात आणि शेवटच्या मिनिटाला हललात तर सगळं चित्र जातं.

अंगात पेसमेकर, क्लिप, जुनी प्लेट काही असेल तर फोनवरच सांगा.

खडू_डस्टर

पाच आठवड्यांनी लिहितेय.

एक्स-रेत जास्तीची बरगडी नाही, पण उजवीकडे सातव्या मणक्याचा आडवा काटा डावीपेक्षा लांब आहे. चिठ्ठी बदलून घेतली. चार ठिकाणी फोन केले. एके ठिकाणी "आमच्याकडे सगळं दिसतं" म्हणून फोन ठेवला. चौथ्या ठिकाणी टेक्नॉलॉजिस्ट स्वतः बोलले, म्हणाले, हो, लवचीक कॉइल आहे आणि दोन्ही स्थिती घेतो. पुण्याला जावं लागलं, पैसे पहिल्यापेक्षा जास्त लागले, पण गेले.

माझा आकडा साडेचार मिनिटं होता. तो सांगितल्यावर त्यांनी कागदावर लिहून घेतला. कॉइल खरंच गोधडीसारखी अंगावर घातली, गळ्यापासून दंडापर्यंत, वजन जाणवलंच नाही. हात वरचं स्कॅन दोन तुकड्यांत झालं, प्रत्येक वेळी चार मिनिटांच्या आत, मध्ये हात खाली करू दिला. दुसऱ्या वेळी मुंग्या सुरू झाल्या होत्या. मी फळ्यावरचं एक उदाहरण मनात सोडवत पडून राहिले.

रिपोर्ट: हात खाली असताना जाळ्याचा सगळ्यात खालचा भाग किंचित जाड आणि पांढरा. हात वर केल्यावर हासळी आणि बरगडीच्या मध्ये त्याच्याभोवतीची चरबी नाहीशी होते. धमनी ठीक. शीर चिमटते, पण तिच्याबद्दल रेडिओलॉजिस्टनी खाली स्पष्ट लिहिलंय की हे निरोगी माणसांतही दिसतं. डॉक्टरांनी ते चित्र माझ्या तपासणीशी जुळवून पाहिलं. आधी तीन महिने फिजिओथेरपी, मग पुन्हा भेट, ऑपरेशनचा विचार त्यानंतर. एनसीव्ही आतल्या बाजूच्या नसेसकट पुन्हा करायची आहे.

चित्रात ती जागा मला बाणाने दाखवली. करड्या रंगात एक बारीकशी रेघ, आणि हासळीखाली ती जिथे जाते तिथे मोकळी जागाच नाही. मी बराच वेळ बघत बसले. मुख्याध्यापकांना तेच चित्र मोबाइलवर दाखवलं, त्यांनी माझ्या वर्गातला फळा एक फूट खाली बसवून घेतला. तरी वरची ओळ उरतेच, ती सध्या नववी-ब ची मुलं आळीपाळीने लिहितात.